खोली तीनशे सातची पाटी

हॉस्टेलच्या ऑफिसात फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स देऊन मी तिसऱ्या मजल्यावर परत आले, तेव्हा पप्पा माझ्या खोलीच्या दारासमोर गुडघ्यांवर बसून रुमालात लाकडाचा भुसा गोळा करत होते. दाराला नवी कोरी पाटी लागली होती. दोन स्क्रू, बरोबर एका रेषेत, डोळ्यांच्या उंचीला. पप्पा उठले, दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून पाटीकडे बघितलं आणि मला विचारलं, "लेव्हलमध्ये आहे ना?"

लेव्हलमध्ये होती. माझ्या पप्पांच्या हातून काहीही वाकडं लागत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

सागाची फळी, चॉकलेटी रंग, त्यावर साईच्या रंगाच्या अक्षरांत माझं नाव. अक्षरांना उजवीकडून बारीक सावली दिलेली. आणि खाली, जरा लहान अक्षरांत: विद्यार्थिनी, विधी शाखा, वर्ष पहिले.

माझे पप्पा पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, अक्षरं काढणारे. एके काळी कल्याण पूर्वेतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि दुकानदारांना एका दिवसात फोटोसकट पाटी मिळायला लागली. पप्पांकडे शाळांच्या भिंती राहिल्या, सोसायट्यांचे नो पार्किंगचे बोर्ड राहिले आणि राहिल्या दारावरच्या पाट्या. या दारावरच्या पाट्यांचं काम मात्र कमी झालं नाही, कारण आमच्या वस्तीत दारावर नावापुढे शिक्षण लिहायची पद्धत आहे. घरात सोफा नसेल, पण दारावर बी.ए., बी.एड. असतं, आणि येणारा-जाणारा ते थांबून वाचतो. ज्यांच्या आजोबांनी जन्मभर अंगठे उठवले त्यांच्या नातवंडांची ही हौस आहे. तिला कोणी हसलं तर मी आजही भांडायला उठते.

पप्पांचा त्यात एक नियम. सर्टिफिकेट बघितल्याशिवाय ते डिग्री लिहीत नाहीत. ओळखीपाळखीचा असो, नात्यातला असो, आधी कागद दाखव. कोपऱ्यावरच्या घरातला एक दादा बी.कॉम.च्या एका विषयात अडकला होता. लग्नाच्या बोलणीसाठी मुलीकडचे येणार होते म्हणून त्याला पाटी हवी होती. पप्पांनी पाटी केली, नाव सुंदर काढलं आणि नावापुढे वीतभर जागा कोरी सोडली. दीड वर्ष ती पाटी तशीच लटकत होती. लग्न मात्र ठरलं. मुलीकडच्यांना म्हणे तो खरेपणाच आवडला.

त्यामुळे माझ्या पाटीवर 'ॲडव्होकेट' असायचा प्रश्नच नव्हता. आई त्यांना म्हणाली होती म्हणे, "लिहून टाका की. होणारच आहे ती." पप्पा म्हणाले, "होईल तेव्हा लिहीन." पण कॉलेजच्या प्रवेशाची पावती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली होती. मी विद्यार्थिनी आहे एवढं सिद्ध झालं होतं, म्हणून तेवढंच त्यांनी लिहिलं. बाकी सगळं ऑइल पेंटमध्ये आणि 'पहिले' हा एकच शब्द पोस्टर कलरमध्ये, म्हणजे दर वर्षी ओल्या फडक्याने पुसून बदलता यावा.

आता ही खोली मला कशी मिळाली ते सांगते, कारण ती मिळाली होती असं म्हणणंही जरा धाडसाचंच होतं. हॉस्टेल ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे. बाहेरगावच्या मुलींना आधी खोल्या, आणि कल्याण हे बाहेरगाव नव्हे, असं मला ऑफिसच्या खिडकीवर तीनदा ऐकवण्यात आलं. मी तिन्ही वेळा भांडले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जणं, त्यात दोन धाकटे भाऊ, एक टीव्ही आणि पप्पांचे रंगाचे डबे. प्रवेश परीक्षेचा सगळा अभ्यास मी विहाराच्या अभ्यासिकेत केला होता आणि तिला नऊला कुलूप लागायचं. पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यास त्या घरात होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तसं मी अर्जात लिहिलं. शेवटी एक खाट उरली आणि मला तात्पुरता प्रवेश मिळाला. पंधरा दिवसांचा. पंधरा दिवसांनी अंतिम यादी लागणार. तिच्यात नाव असेल तर खाट माझी, नसेल तर ट्रंक उचलून घरी. कागदाच्या तळाला बारीक अक्षरांत छापलं होतं की या काळात शिस्तभंगाची एक जरी तक्रार आली तरी प्रवेश रद्द होऊ शकतो. ती ओळ मला पाठ झाली होती. पप्पांना वाचून दाखवायची मात्र राहून गेली.

आम्ही निघालो ते पप्पांच्या एका मित्राच्या छोट्या टेम्पोतून. आई डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते, तिला सुट्टी नव्हती. तिने पहाटेच उठून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी भरून ठेवली होती. गल्लीतल्या बायका अशा दारात उभ्या होत्या की जणू मी लग्न करूनच चालले होते. फरक एवढाच, की रडत कोणी नव्हतं. एक आजी म्हणाली, "नीट शीक गं. आणि तिथं कुणी काय बोललं तर उलटून बोल." मला या बाबतीत कोणाच्या सल्ल्याची गरज नव्हती, पण मी मान हलवली.

दुर्गाडीचा पूल ओलांडून रांजनोली नाक्यावरून टेम्पो हायवेला लागेपर्यंत पप्पा मला पाट्या दाखवत होते. "ती बघ, गॅरेजवाल्याची. वीस वर्षं झाली, अक्षर हललंय का?" अक्षर हललं नव्हतं, गॅरेज मात्र बंद पडलं होतं. त्यांचे मित्र म्हणाले, "अरे, पोरीला सोडायला चाललायस की प्रदर्शन बघायला?" पप्पा म्हणाले, "दोन्ही." ते त्या दिवशी फार खुशीत होते. माझी पाटी त्यांनी गादीच्या वळकटीत लपवून आणली आहे, हे मला माहीत नव्हतं.

हॉस्टेलमध्ये सामान ठेवायला एका पालकाला अर्धा तास वर जाता येत होतं. त्या अर्ध्या तासात पप्पांनी ट्रंक खाटेखाली सरकवली, गादी पसरली, खिडकीची कडी घट्ट केली आणि नेहमी पिशवीत असणारं ड्रिल काढून दाराला दोन भोकं पाडली. दार म्हटलं की पाटी हवी, यात विचारण्यासारखं काही असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पाटी बघून मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. दुसरी मी त्या वेळी कबूल केली नाही. समोरच्या खोलीतली मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "भारी आहे, पण तू काय फ्लॅट घेतलास काय इथे?" माझी रूममेट सावंतवाडीची, ती खाटेवर पडून हसत होती. पप्पांना वाटलं, सगळ्यांना पाटी आवडली. ते तिला म्हणाले, "तुझीपण करून देतो. प्रवेशाची पावती तेवढी दाखव." मग वॉचमनचा आवाज आला, अर्धा तास संपला, आणि भुशाचा रुमाल खिशात घालून पप्पा गेले.

संध्याकाळी रेक्टर मॅडम राउंडला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज कधीही न चढवणाऱ्या.

"दाराला हे काय आहे?"

"पाटी आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. वाचताही येतंय. लावली कोणी?"

मी पाटीकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "इथे भिंतीला साधा खिळा ठोकायची परवानगी नाही. पाटी आत्ता काढायची आणि उद्या दहा वाजता लेखी खुलासा घेऊन ऑफिसात यायचं. आपला प्रवेश तात्पुरता आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच." मला कोणी 'आपण' म्हटलं की प्रकरण गंभीर आहे, एवढं मला कळत होतं.

पाटी काढली. दारावर दोन भोकं राहिली. रूममेट आता हसत नव्हती. ती म्हणाली, "अगं, वडिलांनी ड्रिल मारलं असं लिहिलंस तर संपलंच. बाहेरच्या माणसाने हॉस्टेलची वस्तू फोडली, असं होईल ते. तू लावलीस म्हण. नवीन आहे, कळलं नाही, सॉरी. विषय कट." मला ते पटलं. मी लिहिलं: पाटी मी स्वतः लावली. तात्पुरत्या प्रवेशाच्या शिस्तीच्या अटीची मला कल्पना नव्हती. दोन वाक्यं, दोन्ही खोटी. खाली सही ठोकली.

मग पप्पांना फोन केला आणि जो राग रेक्टर मॅडमवर काढता आला नाही तो त्यांच्यावर काढला. "तुम्हाला सांगितलेलं का कोणी पाटी लावायला? विचारायचं तरी! माझी खाट जाईल आता, कळतंय का तुम्हाला?" खुलाशात काय लिहिलं ते मी बोलले नाही. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भोकं बुजवायला येतो सकाळी." मी फोन ठेवून दिला. मला अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना पप्पा ऑफिसच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कामाची पिशवी. रेक्टर मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि माझा कागद त्यांच्याकडे सरकवला. "तुमच्या मुलीनं कबूल केलं आहे. तुम्हीही वाचून घ्या."

पप्पांनी चष्मा लावला. गिऱ्हाइकाने मजकूर दिला की ते जसा वाचतात तसा वाचला, ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत. दोन वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? मला तो संपता संपत नव्हता. मनात म्हणत होते, पप्पा, हो म्हणा. नुसतं हो म्हणा आणि वर येऊन भोकं बुजवा.

त्यांनी कागद खाली ठेवला. "मॅडम, हे खरं नाही. भोकं मी पाडली. ही तर तिथं नव्हतीच."

रेक्टर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे खुलासा खोटा आहे? आणि आपण कायदा शिकायला आला आहात." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "भोकांचं मी समजू शकले असते. खोटा खुलासा मला समितीपुढे ठेवावा लागेल. तिथे काय ठरेल हे मी सांगू शकत नाही."

एका वाक्यात पप्पांनी माझी खाट घालवली होती, आणि तीही माझ्याच बाजूने बोलून.

पप्पा मॅडमना म्हणाले, "एक कोरा कागद मिळेल?" मॅडमनी दिला. पप्पांनी तो माझ्यापुढे ठेवला. ते चिडलेले नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "अगं, मी पंचवीस वर्षं लोकांच्या दारावर लिहितोय. एक अक्षर खोटं लिहिलं नाही. आणि तू माझ्यासाठी लिहिलंस. बस. परत लिही."

"खाट जाईल पप्पा."

"जाऊ दे. घर आहे ना आपल्याला."

त्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी ते तसं म्हणाले. मी नाक ओढत लिहायला बसले, आणि एकदा खरं लिहायचंच तर पुरतं लिहू, अशी डोक्यात तिडीक गेली. आमच्या वस्तीत दारावर शिक्षण लिहितात, हे लिहिलं. पप्पा कागद बघितल्याशिवाय लिहीत नाहीत, हेही लिहिलं. शिस्तीचा नियम मला पाठ होता आणि तो मी त्यांना सांगितला नाही, हेही. आणि शेवटी: "भोकं पाडताना मी तिथे नव्हते. असते तर नको म्हटलं असतं की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. दारावर माझं नाव बघून मला आनंद झाला होता."

रेक्टर मॅडमनी ते उभ्यानेच वाचलं. शेवटच्या ओळीवर त्या जरा थांबल्या. पहिला कागद त्यांनी फाडला नाही, दोन्ही एकत्र टाचून फाइलमध्ये ठेवले. पप्पांना म्हणाल्या, "भोकं बुजवून द्या. मी बघायला येते."

वर आल्यावर पप्पांनी खिशातून कालचा रुमाल काढला. त्यात त्याच दाराचा भुसा होता. पोरीच्या खोलीसमोर कचरा नको म्हणून उचललेला आणि टाकून द्यायचा राहिलेला. लाकडाच्या गोंदात तो कालवून त्यांनी भोकांत दाबून भरला, वाळू दिला, बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि बोटाने पॉलिशचा एक हात दिला. मॅडम आल्या, त्यांनी दारावरून तळहात फिरवला, मग चष्मा काढून जवळून बघितलं.

"कुठे होती?"

दुसरा कोणी असता तर गालात हसला असता. पप्पांनी दोन बोटं बरोबर दोन जागांवर ठेवली. "इथं आणि इथं." खोटं न लिहिणाऱ्या माणसाला लपवताही येत नाही, आणि मी त्या क्षणी ठरवलं की आपल्याला वकील व्हायचं तर असं. खाट राहो किंवा जावो, आपल्या बापासारखा बाप या तीन मजल्यांवर कोणाला नाही, असं मला छाती फुगवून वाटलं. तसं मी त्यांना सांगितलं नाही. फोनवर ओरडले त्याची माफी तेवढी मागितली. ते म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं मी."

पुढचे दिवस मी ट्रंक पूर्ण उघडलीच नाही. पाटी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली. त्याला भोक लागत नाही, आणि तरीही चालेल का, हे मी आधी रेक्टर मॅडमना विचारून घेतलं. लेक्चरं सुरू झाली होती. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कागदपत्रांच्या खरेपणावर शिकवत होतं आणि मी खाली मान घालून लिहून घेत होते. समितीत काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. आई रोज फोनवर विचारायची, "लागली का यादी?"

यादी लागली त्या दिवशी पप्पा टेंभी नाक्याजवळ होते. नवरात्राच्या मांडवाच्या कमानीवर अक्षरं काढायचं काम मिळालं होतं, हाताने काढलेलीच हवीत असं मंडळाने हट्टाने सांगितलं होतं. मी फोनवर एवढंच म्हटलं, "लागलीये. मी नाही बघितली." ते रिक्षा करून आले. नखांत लाल रंग, पायांत कामाची चप्पल. वॉचमनने त्यांना नोटीस बोर्डापर्यंत सोडलं.

मी बोर्डाकडे पाठ करून उभी राहिले. "तुम्ही बघा."

पप्पांनी चष्मा लावला, काचेवर बोट ठेवलं आणि पहिल्या नंबरापासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, पूर्ण नाव, आडनावासकट. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

"पप्पा, डायरेक्ट माझं बघा ना."

"थांब."

दहा झाली. वीस झाली. तीस झाली. इतका वेळ लागतोय म्हणजे खाली कुठे दिसत नसणार, म्हणून हे लांबवत आहेत, असं मनात आलं. आणि मग, अगदी त्याच आवाजात, त्याच चालीत, त्यांनी माझं नाव वाचलं. मधे त्यांचं स्वतःचं, शेवटी आडनाव. खोली तीनशे सात. मी गर्रकन वळले. ते एकेचाळिसावर पोचलेसुद्धा होते.

मी रडत होते आणि हसतही होते. "पप्पा, झालं की आपलं! अजून काय वाचताय?"

त्यांनी काचेवरचं बोट उचललं नाही. "थांब गं," ते म्हणाले. "एवढ्या पोरी शिकायला आल्यात. नुसतं आपलंच वाचून निघून जायचं?"

मी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. उरलेली नावं आम्ही दोघांनी मिळून मोठ्याने वाचली.